सिरॉसिसचा रुग्ण घरी आल्यावर: लॅक्ट्युलोज किती द्यायचं, आणि रोज काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना लिव्हर सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) आहे. पोटात पाणी झालं होतं आणि दोन दिवस असंबद्ध बोलत होते म्हणून ॲडमिट केलं. आता घरी आहेत. लॅक्ट्युलोज ३० मि.ली. दिवसातून दोनदा, स्पायरोनोलॅक्टोन १०० मि.ग्रॅ., फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ. आणि कार्व्हेडिलॉल ६.२५ मि.ग्रॅ. अशी औषधं चालू आहेत. सारखं संडासला जावं लागतं म्हणून वडील लॅक्ट्युलोज टाळतात. नातेवाईक म्हणतात, डाळी-दूध-अंडी सगळं बंद करा. घरी नक्की काय पाहायचं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: वडील लॅक्ट्युलोज टाळतात. भ्रम होऊन परत ॲडमिट होणाऱ्यांच्या फायली पाहिल्या, की हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

लॅक्ट्युलोजच्या बाटलीवर 'बद्धकोष्ठतेसाठी' असं छापलेलं असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. 'माझं पोट तर साफ होतंय, मग कशाला घेऊ?' असं रुग्णाला वाटतं. तुमच्या वडिलांना ते पोट साफ व्हावं म्हणून दिलेलं नाही, मेंदूसाठी दिलं आहे. आतड्यात अमोनिया हा मेंदूला त्रास देणारा पदार्थ सतत तयार होत असतो. निरोगी यकृत त्याचं युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये यकृताची ती ताकद कमी होते, शिवाय आतड्याकडून येणारं बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे जातं. तो अमोनिया मेंदूपर्यंत पोचला की झोप उलटीपालटी होते, बोलणं घसरतं, हात फडफडतात. लॅक्ट्युलोज लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आणि त्या आम्लात अमोनियाचं रूप असं बदलतं की तो रक्तात परत शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. पोटात गुडगुड होणं, गॅस होणं हा त्याच क्रियेचा भाग आहे. पहिल्या काही दिवसांनंतर तो त्रास बराच कमी होतो, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

आता डोस. चिठ्ठीवरचे '३० मि.ली. दोनदा' ही फक्त सुरुवात आहे. पुढचा डोस शौच बघून ठरतो. दिवसात २ ते ३ वेळा मऊ शौच हे लक्ष्य. संख्या आणि घट्टपणा दोन्ही बघायचं, कारण तीन वेळा जाऊन दर वेळी खडा पडत असेल तर ते तीन धरायचे नाहीत.

काल एकदाच झालं किंवा घट्ट झालं, तर आज प्रत्येक डोस १० ते १५ मि.ली.ने वाढवा किंवा दुपारी तिसरा डोस द्या. दोन-तीन वेळा मऊ होत असेल तर काही बदलू नका. चार किंवा जास्त वेळा पातळ झालं तर पुढचा एक डोस गाळा आणि नंतर कमी मात्रेने सुरू करा. दिवसभरासाठी बंद करू नका. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर त्याच दिवशी फोन करा, कारण तेव्हा लघवीच्या गोळ्यांचाही (स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड) विचार करावा लागतो. काही रुग्णांना ४५ मि.ली. दिवसातून तीन-चार वेळा लागतं आणि ते चुकीचं नाही. पण घरच्या घरी किती मि.ली. ते किती मि.ली. या मर्यादेत बदल करायची मुभा आहे, हे तुमच्या डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ही एक ओळ लिहिलेली नसते म्हणून घरचे लोक आठवडाभर एका शौचावर थांबून राहतात.

उलट बाजूची चूकही तेवढीच धोक्याची. भ्रमाची भीती बसलेले नातेवाईक लॅक्ट्युलोज वाढवत नेतात. जुलाब होतात, शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. पोटॅशियम घसरलं की मूत्रपिंड स्वतःच जास्त अमोनिया तयार करतं. माणूस पुन्हा गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटतं औषध कमी पडलं, म्हणून ते आणखी देतात. जुलाब चालू असताना भ्रम वाढत असेल तर लॅक्ट्युलोज वाढवायचं नसतं, रक्त तपासायचं असतं.

काही बारीक गोष्टी. मोजायला बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण वापरा, घरातला चमचा नको. दोन घरांतले चमचे कधी सारखे नसतात. गोडपणाने मळमळत असेल तर पाण्यात, दुधात किंवा फळांच्या रसात मिसळून गार करून द्या. शेवटचा डोस संध्याकाळी लवकर द्या, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. अंधारात संडासला जाताना पडणं हा सिरॉसिसच्या रुग्णाला साधा अपघात नसतो: हाडं ठिसूळ, प्लेटलेट कमी, डोक्याला मार लागला तर मेंदूत रक्तस्राव. गुदद्वाराजवळची कातडी सोलवटत असेल तर घासून पुसू नका. पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा. लॅक्ट्युलोज बंद करण्यामागे कित्येकदा ही जळजळच असते, आणि संकोचाने कोणी ती बोलून दाखवत नाही. वडिलांना सरळ विचारा.

लॅक्ट्युलोज नीट चालू असूनही भ्रमाचा दुसरा झटका आला तर सहसा रिफॅक्सिमिन हे आतड्यात काम करणारं प्रतिजैविक ५५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा जोडतात. जोडतात, म्हणजे लॅक्ट्युलोजच्या बदली देत नाहीत. आणि दर आठवड्याला रक्तातला अमोनिया तपासून डोस ठरवायची गरज नसते. तो आकडा नमुना कसा घेतला, बर्फात ठेवला का, किती वेळात मशिनवर लावला यावरही बदलतो. शौचाची वही त्याहून जास्त उपयोगी पडते.

भ्रम लवकर कसा ओळखायचा

पूर्ण गोंधळ उडण्याच्या एक-दोन दिवस आधी खुणा दिसतात. पहिली खूण झोपेची: रात्री टक्क जागे, दिवसा पेंगतात. 'थकले असतील' म्हणून ती सोडून दिली जाते. मग चिडचिड, टीव्हीच्या रिमोटसारख्या रोजच्या वस्तूत अडखळणं, एकच गोष्ट पुन्हा विचारणं.

घरी तीन तपासण्या करता येतात, आणि तिन्ही आज, वडील ठीक असताना करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. एक, रोज सकाळी वहीत तेच एक वाक्य आणि सही. अक्षर वेडंवाकडं होऊ लागलं की लगेच दिसतं. दोन, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला लावा. साधारण १५ च्या वर नावं आली तर ठीक, १० च्या खाली आली तर काळजीचं. पण वय आणि शिक्षण यांनी फरक पडतो, म्हणून वडिलांचा नेहमीचा आकडा हीच खरी मोजपट्टी. तीन, दोन्ही हात समोर ताठ, मनगटं वर उचललेली, बोटं फाकवलेली, अर्धा मिनिट. हात एकदम खाली पडून पुन्हा वर येत असतील तर ती अमोनियाची फडफड. बारीक थरथर वेगळी, तिची कारणं अनेक असतात.

झोप बिघडली, अक्षर बदललं, पण बोलणं नीट आहे आणि शौच कमी झालं आहे, अशा वेळी लॅक्ट्युलोजचा एक जास्तीचा डोस द्या आणि त्याच दिवशी कळवा. वार, जागा किंवा माणूस ओळखता येत नसेल, किंवा हाक मारून नीट जागे होत नसतील तर हॉस्पिटल. अर्धवट गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने औषध घालू नका, ते फुप्फुसात जातं. हॉस्पिटलमध्ये लॅक्ट्युलोज नाकातल्या नळीने किंवा ३०० मि.ली. लॅक्ट्युलोज ७०० मि.ली. पाण्यात मिसळून एनिमाने देतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी बोटातून साखर बघा, कारण साखर कमी झाल्यावरही चित्र असंच दिसतं.

आणि झटका आला की 'का आला' हे शोधल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. बद्धकोष्ठता, चुकवलेला डोस, जुलाब किंवा लघवीच्या गोळ्यांनी पाणी कमी होणं, पोटॅशियम-सोडियम बिघडणं, आतड्यात रक्तस्राव, लघवीचा किंवा पोटातल्या पाण्याचा जंतुसंसर्ग, आणि झोपेच्या गोळ्या. शेवटचं कारण सगळ्यात चीड आणणारं: रात्री झोप येत नाही म्हणून कुठून तरी झोपेची गोळी आणून दिली जाते. झोप न येणं हीच भ्रमाची पहिली खूण होती, आणि तिच्यावर झोपेची गोळी म्हणजे आगीत तेल.

भ्रमाचा झटका येऊन गेलेल्या माणसाने डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नये. तो कितीही ठीक वाटत असला तरी. प्रतिक्रिया देण्याचा वेग आधी कमी होतो, बोलण्यातला फरक नंतर कळतो.

प्रथिनं बंद करू नका

नातेवाईकांचा सल्ला जुना आहे. एके काळी डॉक्टरही हेच सांगत. आता उलटं सांगतात, कारण अमोनिया निकामी करण्याचं काम यकृताखालोखाल स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात आणि अमोनिया आणखी वाढतो. दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ते ३५ कॅलरी लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. वजन धरताना पोटातलं पाणी आणि पायांची सूज वजा करायची. तो अंदाज आहारतज्ज्ञाकडून घ्या. दूध, दही, डाळी, अंडी सगळं चालतं. मांसाने एखाद्याला खरोखरच त्रास होत असेल तर डाळी आणि दुधाकडे वळा, पण एकूण प्रथिनं तेवढीच ठेवा.

खाण्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रात्र. सिरॉसिसच्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसतो. रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर जेवढे स्नायू मोडतं, तेवढे मोडायला निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांचा उपास लागतो. म्हणून झोपण्यापूर्वी साधारण ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि थोडी प्रथिनं असलेलं खाणं द्या. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ रिकामा जाऊ देऊ नका. पोटातल्या पाण्यामुळे जठर दाबलं जातं, चार घासांतच पोट भरतं. तीन मोठ्या जेवणांपेक्षा सहा छोटी सोपी जातात. तपासणीसाठी उपाशी राहायला सांगितलं तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

मीठ, वजन, लघवीच्या गोळ्या

दिवसाला सोडियम २ ग्रॅम, म्हणजे मीठ सुमारे ५ ग्रॅम, एक सपाट छोटा चमचा. यात स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं आणि विकतच्या पदार्थांत लपलेलं सगळं आलं. पदार्थ बिनमिठाचा शिजवून वडिलांच्या वाट्याचं मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवलं तर हिशोब सोपा होतो. डबाबंद पदार्थ, खारवलेले पदार्थ, तयार सॉस, ब्रेड, चीज ही नेहमीची ठिकाणं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत आणि काही ॲसिडिटीच्या औषधांतही बरंच सोडियम असतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही.

'कमी सोडियमचं मीठ' आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. दोन्ही एकत्र आलं तर हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं पोटॅशियम वाढू शकतं.

माझं एक मत मात्र स्पष्ट आहे: अळणी म्हणून माणूस ताट बाजूला सारत असेल, तर मीठ थोडं सैल सोडा आणि त्याला खाऊ द्या. पाणी काढता येतं, झिजलेले स्नायू महिनोन्‌महिने परत येत नाहीत. पिण्याच्या पाण्यावर बंधन रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेल्याशिवाय सहसा लागत नाही. पोटात पाणी आहे म्हणून पिणं तोडणं ही समजूत चुकीची. पाणी मिठामागे जातं.

वजन रोज सकाळी, लघवी-शौच झाल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. फक्त पोटात पाणी असताना शरीर ते ठरावीक वेगानेच परत शोषतं. त्याहून जास्त लघवी झाली तर ते पाणी रक्तातून जातं आणि मूत्रपिंडं कोरडी पडतात. उलट दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर थांबू नका, कळवा. पोटाचा घेर मोजायचा असेल तर बेंबीच्या पातळीवर, झोपवून, कातडीवर पेनाची खूण करून मोजा. पण गॅसने घेर बदलतो, म्हणून वजनावर जास्त विश्वास ठेवा.

स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० ही जोडी याच प्रमाणात वाढवतात, कमाल ४०० आणि १६० पर्यंत, म्हणजे पोटॅशियमचा तोल राहतो. दोन्ही सकाळी द्या. डोस बदलल्यावर साधारण आठवड्याभरात सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासून घ्या. उलट्या, जुलाब, ताप किंवा खाणंपिणं बंद, यातलं काही झालं तर पुढची लघवीची गोळी देण्याआधी फोन करा. बहुतेक वेळा त्या दिवसापुरती थांबवायला सांगतात. पुरुषांचे स्तन दुखतात, थोडे वाढतात, तो स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम आहे. लाजून गोळी सोडू नका, पर्याय असतात. पायात रात्री गोळे येणं हेही सांगण्यासारखं लक्षण आहे.

गोळ्यांनी भागलं नाही तर सुईने पाणी काढतात. ५ लिटरपेक्षा जास्त काढलं तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून द्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब आणि मूत्रपिंडं दोन्ही कोसळतात. २० टक्क्यांच्या १०० मि.ली. बाटलीत २० ग्रॅम असतं. ८ लिटर काढले तर तीन बाटल्या, म्हणजे ६० ग्रॅम. त्यानंतर सुईच्या जागेतून पाणी झिरपत असेल तर दुसऱ्या कुशीवर झोपवा. दिवस उलटूनही झिरपत राहिलं तर टाका घालावा लागतो. काढलेल्या पाण्यातल्या पेशी मोजल्या का, हे विचारा. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर घन मि.मी.ला २५० च्या वर असतील तर तो संसर्ग, आणि त्यात ताप किंवा पोटदुखी असेलच असं नाही. कधी फक्त भ्रम असतो. बेंबीचा हर्निया असेल आणि त्यावरची कातडी पातळ, चकचकीत किंवा निळसर दिसू लागली तर लगेच दाखवा.

कार्व्हेडिलॉल आणि रक्तस्राव

ही गोळी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब कमी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून असते. घरी रक्तदाब मोजा. वरचा आकडा ९० च्या खाली, चक्कर किंवा लघवी खूप कमी, तर पुढची गोळी देण्याआधी विचारा. सगळं ठीक असेल तर सहसा १२.५ मि.ग्रॅ.पर्यंत वाढवतात. एंडोस्कोपीने शिरांना रबरबँड लावले असतील तर पहिला दिवस गार किंवा कोमट पातळ पदार्थ, मग काही दिवस मऊ अन्न. छातीत थोडं दुखतं ते चालतं. बँड गळून पडतात तिथे जखम असते, आणि साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसात तिथून रक्त येऊ शकतं. म्हणून 'आठवडा झाला, आता काय होतंय' म्हणून लांबच्या प्रवासाला निघू नये. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं, चिकट, दुर्गंधी शौच झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवा, ओपीडीची वाट पाहू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण चिकट आणि तसल्या वासाचं नसतं. शंका असेल तर रक्तस्रावच समजा.

वेदनाशामकांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्या जातीच्या सगळ्या गोळ्या बाद. त्या मूत्रपिंडं बंद पाडतात आणि रक्तस्राव करतात. पॅरासिटामॉलला लोक उगाच घाबरतात. दिवसाला एकूण २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मि.ग्रॅ.च्या चार गोळ्या, तेच त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. सर्दीच्या औषधातलं पॅरासिटामॉलही याच हिशोबात धरा. यकृत 'साफ' करणारे काढे, चूर्णं, बॉडीबिल्डिंगची पावडर काही नको. ॲसिडिटीची रोजची गोळी कशासाठी चालू आहे हे विचारून घ्या. कारण नसेल तर ती संसर्गाचा धोका वाढवते. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले शिंपले आणि मासे टाळा. दारू, सिरॉसिसचं कारण काहीही असो, शून्य.

पुढच्या भेटीला शौच, वजन आणि रक्तदाबाची वही, सगळ्या औषधांच्या मूळ पट्ट्या आणि लॅक्ट्युलोजची चालू बाटली बरोबर न्या. बाटलीतली पातळी बघून खरा डोस कळतो. हिपॅटायटिस ए आणि बी, न्यूमोकोकस आणि फ्लूच्या लसींपैकी काय राहिलं आहे ते तिथेच विचारा. आणि यकृताची सोनोग्राफी शेवटची कधी झाली ती तारीख शोधा. यकृताच्या कर्करोगासाठी ती दर सहा महिन्यांनी हवी, आणि ॲडमिट होण्याच्या धावपळीत नेमकी तीच निसटते.